मुंबईच्या तळ्यातून मालवणच्या प्रवाळापर्यंत

आमच्या सावेडीहून समुद्र बघायचा तर घाट उतरावा लागतो. नगरच्या माणसाला प्रवाळ माहीत असते ते सराफाच्या दुकानातले, मंगळासाठी अंगठीत बसवायचे पोवळे. ते मुख्यतः भूमध्य समुद्रातले. पोर्तुगीज काळात ते जहाजांनी गोव्याला येई आणि त्याच्या बदल्यात इकडचे हिरे जात. पण आपल्या कोकणच्या समुद्रातही जिवंत प्रवाळ आहे आणि त्याच्या शेजारी स्पंज आहेत. हे दोघे खातात काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांना शंभर-दीडशे वर्षे पुरला. त्याच्या उत्तराचा एक महत्त्वाचा धागा मुंबईत सापडतो, म्हणून हा लेख.

चार्ल्स डार्विन १८३६ साली हिंदी महासागरातील कीलिंग बेटांवर गेला आणि १८४२ मध्ये त्याने प्रवाळभित्तींवर ग्रंथ लिहिला. उष्ण कटिबंधातले पाणी नितळ दिसते, कारण त्यात अन्नद्रव्ये फार थोडी असतात. मग अशा उपाशी पाण्यात प्रवाळभित्तीवर एवढी जीवसृष्टी पोसली जाते कशी? हे कोडे पुढे डार्विनच्याच नावाने ओळखले जाऊ लागले.

त्याच सुमारास हेन्री जॉन कार्टर हा डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मुंबईला आला. (याच शहरात पुढे हेन्री वँडाइक कार्टर हा दुसरा डॉक्टर आला. ‘ग्रेज् अ‍ॅनाटॉमी’तील चित्रे त्याची. मीही बरीच वर्षे दोघांना एकच समजत होतो.) आपल्या कार्टरने मुंबईच्या तळ्यांतले गोड्या पाण्यातील स्पंज गोळा करून सूक्ष्मदर्शकाखाली धरले. स्पंज ही वनस्पती की प्राणी, याबद्दल तेव्हाही शंका घेतली जात असे. स्पंजाच्या छिद्रांतून पाण्याचा प्रवाह वाहतो, हे डार्विनचे एडिंबरातील मार्गदर्शक रॉबर्ट ग्रँट यांनी १८२५ च्या सुमारास दाखवले होते. पण आत गेलेल्या पाण्यातले अन्न नेमके पकडते कोण?

कार्टरने १८४९ मध्ये मुंबईच्या तळ्यांतील स्पंजांवर आणि १८५७ मध्ये त्यांच्या सूक्ष्म रचनेवर निबंध प्रसिद्ध केले. पाण्यात रंगाचे बारीक कण सोडून ते कुठे जाऊन थांबतात, हे त्याने पाहिले. स्पंजाच्या अंगात लहान लहान पोकळ्या असतात. त्यांच्या भिंतींवरच्या पेशी चाबकासारखे शेपूट हलवून पाणी ओढतात आणि कण टिपतात. तळे आटले की स्पंज मरतो, पण खसखशीहून बारीक बीजांच्या रूपाने तग धरतो आणि पावसाळ्यात पुन्हा वाढतो, हेही त्याने नोंदवले. मुंबईच्या एका स्पंजाला १८६३ मध्ये त्याचेच नाव मिळाले; आजही ती जात ‘युनॅपियस कार्टेरी’ म्हणून ओळखली जाते.

प्रवाळाची गोष्ट निराळी. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात साखर बनवते आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देते. यजमानाच्या शरीरातले टाकाऊ नायट्रोजन व फॉस्फरस हेच शैवालाचे खत. रात्री प्रवाळ नांग्या पसरून पाण्यातले सूक्ष्म जीव पकडतो. १९२८-२९ च्या ग्रेट बॅरिअर रीफ मोहिमेचे प्रमुख सी. एम. यंग प्रवाळाला निव्वळ मांसाहारी मानत. शैवालाने तयार केलेले अन्न प्रवाळापर्यंत पोहोचते, हे पुढे किरणोत्सारी कार्बन वापरून सिद्ध झाले.

तरी एक हिशेब लागत नव्हता. प्रवाळ अंगावरून जो चिकट द्रव सोडतो, त्यातला बराचसा पाण्यात विरघळतो. विरघळलेले अन्न मासे-खेकड्यांना खाता येत नाही. मग ते जाते कुठे? २०१३ मध्ये डच शास्त्रज्ञ यास्पर द खुय आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिले : कपारींतले स्पंज ते शोषून घेतात, झपाट्याने नव्या पेशी बनवतात आणि जुन्या टाकून देतात. तो गाळ गोगलगायी, कृमी, खेकडे खातात आणि त्यांना मोठे प्राणी. सांडलेले पुन्हा पंगतीत येते ते असे. स्पंज पाण्यातून अन्न कसे घेतो, या मुंबईत पुढे नेलेल्या प्रश्नाचा हाच पुढचा टप्पा.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित झाले. विजयदुर्गच्या पश्चिमेला, खोल समुद्रात, कान्होजी आंग्र्यांचे नाव मिरवणारा आंग्रिया बँक हा बुडालेला उंचवटा आहे. तिथेही प्रवाळ आहे. मालवणचे पाणी पावसाळ्यात गढूळ होते, प्रकाश कमी पोहोचतो. अशा वेळी प्रवाळाच्या काही जाती पाण्यातले कण पकडून गुजराण करतात. पण पाणी फार तापले तर शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. नुसत्या शिकारीवर तो थोडेच दिवस काढू शकतो. प्रवाळ गेला की स्पंजाला मिळणारा तो द्रव थांबतो आणि पंगतीतले पुढचे सगळेच उपाशी राहतात.

मुंबईतली जुनी तळी एकेक करून बुजली. धोबी तलाव, गवालिया टँक ही नावे तेवढी राहिली. त्या पाण्यात काय जगत होते, हे कार्टरसारख्या एकट्या माणसाने लिहून ठेवले म्हणून आपल्याला कळते. तळी बुजवणाऱ्यांना आत काय आहे ते ठाऊक नव्हते, असे म्हणता येईल. मालवणच्या बाबतीत आपल्याला ही सबब उरलेली नाही.