हाराबे : नृत्य, राष्ट्र आणि परंपरा

'हाराबे' हा स्पॅनिश शब्द अरबीतून आला. आपले 'सरबत' आणि 'शराब' हे शब्द ज्या धातूपासून आले, त्याच धातूचा तो वंशज. मेक्सिकोत हाराबे म्हणजे औषधी पाक, आणि अनेक चाली एकत्र गुंफलेले एक जोडीचे नृत्यही. वसाहतकाळात या नृत्याकडे सत्ताधीश संशयाने पाहत. 1802 मध्ये व्हाइसरॉय मार्किना यांनी 'हाराबे गातुनो' या प्रकारावर अश्लील म्हणून बंदी घातली. पुढे सव्वाशे वर्षांच्या आतच, ग्वादालाहारा परिसराशी नाते सांगणारा 'हाराबे तापातियो' राष्ट्रीय नृत्य म्हणून शाळांतून शिकवला जाऊ लागला. निषिद्धाचे असे राष्ट्रीयीकरण कसे घडले?

या प्रवासातील एक टप्पा मोठा सूचक आहे. 1919 मध्ये रशियन बॅले-नर्तिका आना पावलोवा हिने मेक्सिको शहरात हाराबे चवड्यांच्या टोकांवर, म्हणजे शुद्ध बॅलेच्या रीतीने, सादर केला. जनसामान्यांच्या नृत्याला प्रतिष्ठेचा परवाना मिळाला तो युरोपीय पायांवरून. 1910 मध्ये सुरू झालेल्या क्रांतीने देशाची शकले केली होती. नव्या राज्यकर्त्यांना या तुकड्यांना सांधणारी प्रतीके हवी होती. 1921 मध्ये स्थापन झालेल्या शिक्षण मंत्रालयाने, होसे वास्कोन्सेलोस यांच्या नेतृत्वाखाली, भित्तिचित्रांप्रमाणेच लोकनृत्यालाही या कामी जुंपले. 1923 पासून ग्रामीण भागात 'सांस्कृतिक मोहिमा' जाऊ लागल्या. त्यांतील शिक्षक गावोगावची नृत्ये टिपून घेत आणि इतरत्र शिकवीत. घोडेस्वार 'चारो' आणि 'चिना पोब्लाना' या वेशातील जोडपे साऱ्या मेक्सिकोचा चेहरा बनले.

1952 मध्ये आमालिया एर्नांदेस यांनी आपला नृत्यसंघ उभारला. तोच पुढे 'बॅले फोल्क्लोरिको दे मेहिको' म्हणून जगभर गाजला. त्यांच्या सादरीकरणांतील सर्वांत परिचित रचना म्हणजे 'हरिणनृत्य'. येथे मात्र थांबून विचार करावा लागतो.

हे नृत्य वायव्येकडील सोनोरा प्रांतातील याकी आणि मायो जमातींचे. नर्तकाच्या मस्तकावर हरणाचे शिर, पोटऱ्यांना कोशांच्या खुळखुळ्यांच्या माळा, आणि सोबत हरिणगीते गाणारे गायक. गीताविना हे नृत्य संभवत नाही आणि विधीच्या प्रसंगाविना गीत. रंगमंचावर आले ते प्रामुख्याने शिकार होणाऱ्या हरणाचे देहनाट्य. गीताचा अर्थ आणि विधीचा काळ मागेच राहिले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, पोर्फिरिओ दिआस यांच्या राजवटीत, जमिनीसाठी लढणाऱ्या हजारो याकींना युकातानच्या घायपात-मळ्यांवर वेठीला धाडण्यात आले होते. क्रांतीनंतरही, 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात, त्यांच्याविरुद्ध लष्करी कारवाई झाली. आणि 1944 मध्ये सोनोराने स्वीकारलेल्या राज्यचिन्हात हरिणनर्तक विराजमान झाला. ज्यांना भूमीतून उखडले, त्यांचेच नृत्य त्या भूमीची मुद्रा ठरले.

मग रंगमंचावरील नृत्य खोटे म्हणावे काय? तसे म्हणणे सोपे, पण अपुरे. शाळेत हाराबे शिकलेल्या पिढ्यांनी तो आपल्या सणसमारंभांत खरोखरच आपलासा केला; परंपरा घडवली गेली म्हणून ती जगली नाही असे नव्हे. दुसरीकडे याकींचे हरिणनृत्य त्यांच्या विधींत आजही टिकून आहे, प्रेक्षकांच्या टाळ्यांवर अवलंबून न राहता. स्पॅनिशमध्ये 'दान्सा' आणि 'बाइले' असा एक भेद केला जातो : पहिले प्रायः विधीचे, दुसरे समारंभाचे. राष्ट्राने दोहोंना एकाच पडद्यासमोर उभे केले.

साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. मौखिक गीत छापील संहितेत आले की ते सर्वांचे होते, पण ते गाणाऱ्याचे किती उरते? लोककलेचा गौरव करताना त्या लोकांची जमीन, पाणी आणि भाषा यांचे काय झाले, हे विचारणे हा रसग्रहणाबाहेरचा विषय नव्हे. तो रसग्रहणाचाच भाग आहे.