दम, पाटी आणि सहा सेकंद

भातकापणी उरकली की पेण-रोह्याकडच्या गावांना कबड्डीचे वेध लागतात. रिकाम्या खाचरातली ढेकळं फोडायची, माती चाळून घ्यायची, पाणी मारून रोलर फिरवायचा, फक्कीने रेषा आखायच्या आणि चारी अंगांना दिवे टांगायचे, की मैदान तयार. संघांना नावं बहुधा ग्रामदैवतांची. मध्यरात्र उलटली तरी सामने चालूच. रायगड जिल्ह्यात या खेळाची थोरवी कुणाला पटवून द्यावी लागत नाही. पण माणसाचं पळणं नियमांच्या चौकटीत कसं बसवायचं, हा प्रश्न या खेळाने ज्या तऱ्हेने सोडवला, त्याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही.

कबड्डीच्या जुन्या रूपात, म्हणजे हुतुतूत, घड्याळ नव्हतं. चढाई किती वेळ चालायची, हे गड्याची छाती ठरवायची. मध्यरेषा ओलांडण्याआधी दम धरायचा, तो न तोडता, पंचाला ऐकू येईल असा घोकत राहायचा आणि श्वास संपण्याआधी आपल्या अंगणात परतायचं. जास्त पळाल, जास्त झटापट कराल, तर दम लवकर सुटणार. म्हणजे वेगाची किंमत गड्याच्या शरीरातूनच वसूल व्हायची, पंचाला वेगळा हिशोब ठेवावा लागत नसे. भांडणं व्हायची ती ‘दम तुटला’ की ‘नाही तुटला’ यावर. इथे पुरावा म्हणजे पंचाचा कान, आणि प्रेक्षकांचे कान बहुतेक वेळा घरच्या संघाचे असतात.

गावागणिक नियम वेगळे होते. संजीवनी प्रकारात बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होई, गामिनीत बाद झाला तो शेवटपर्यंत बाहेर बसे आणि अमरमध्ये बाद झालेला मैदानातच राही, फक्त गुण मोजले जात. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने नियम लिहून काढले, 1923 साली बडोद्यात त्या नियमांवर स्पर्धा झाली आणि 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनमध्ये ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ दाखवला. 1950 साली अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. पुढे महाराष्ट्रात या खेळासाठी आयुष्य वेचलं ते शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी. त्यांचा जन्मदिवस, 15 जुलै, राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळतात.

आज चढाईला 30 सेकंद मिळतात. दम घोकावा लागतोच, पण मुख्य पहारा घड्याळाचा. 2014 साली प्रो कबड्डी घराघरात पोहोचली, तेव्हा दूरचित्रवाणीला पडद्यावर उलटे पळणारे आकडे हवेच होते. श्वास काही पडद्यावर दिसत नाही. सोय झाली हे खरं. पण खोल छातीच्या गड्याची एक जुनी मिरासदारी त्यात गेली, हेही तितकंच खरं.

आता अंतर बघा. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदान रेषा, म्हणजे चढाईत ओलांडावी लागणारी रेघ, 3.75 मीटरवर. जाऊन-येऊन साडेसात मीटर, आणि हाताशी 30 सेकंद. सरळ पळायचं असेल तर शाळकरी पोरही करील. इथे वेग लागतो तो वळण्याचा, थांबून पुन्हा उसळण्याचा. उसेन बोल्टने 2009 साली बर्लिनमध्ये 100 मीटरचा 9.58 सेकंदांचा विक्रम केला, तेव्हा पहिल्या 10 मीटरलाच 1.89 सेकंद गेले. पुढे तेवढंच अंतर तो 0.81 सेकंदात कापत होता. कबड्डीतला गडी आयुष्यभर त्या पहिल्या दहा मीटरांतच वावरतो.

टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकांच्या खेळांत नेमकी हीच गोष्ट निसटते. 1824 साली प्रशियाच्या राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने सैन्यासाठी नकाशावरचा युद्धखेळ सिद्ध केला. त्यात एक चाल म्हणजे दोन मिनिटं. तो वारसा 1974 साली अमेरिकेत आलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’कडे गेला. त्याच्या 1978 च्या नियमपुस्तकात भुयारातून नकाशा काढत चालणारा माणूस दहा मिनिटांत 120 फूट जाई. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत चाल सहा सेकंदांची झाली आणि हलक्या चिलखतातला माणूस जीव खाऊन पळाला तर तेच 120 फूट त्या सहा सेकंदांत कापू लागला. ताशी सुमारे 22 किलोमीटर. तरण्या माणसाला शोभेलसा वेग. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत मात्र पळण्याचा तो नियमच गळाला. सगळी चाल धावण्यावर खर्च केली तरी साठ फूट, म्हणजे ताशी 11 किलोमीटर. रोह्याच्या फलाटावर सुटत्या दिवा गाडीमागे धावणारा पोटसुट्या कारकूनही याहून जोरात पळतो!

पण खरी उणीव या आकड्यांत नाही. त्या कागदावर माणूस पहिल्या फुटापासून पुऱ्या वेगात असतो, काटकोनात वळतो आणि त्याला धापही लागत नाही. चौकटी मोजून खेळ पुढे जावा म्हणून केलेली ही तडजोड आहे, आणि खेळ रंगतो तोवर कुणाची तक्रार नसते.

चौकटींचा खेळ कोकणालाही नवा नाही. पेणच्या खाडीकाठी मिठागरं होती, आणि मिठागराच्या आखणीची आठवण करून देणारा आट्यापाट्यांचा खेळ साऱ्या महाराष्ट्रात खेळला गेला. पाटी धरणाऱ्याने आपल्याच पाटीवर आडवं पळायचं. लांबीने धावायची मुभा फक्त सूरपाटीवाल्याला. वेगाला इथे आवर घातला तो दिशेने. खो-खोतही तेच. डेक्कन जिमखान्याने 1914 च्या सुमारास त्याचेही नियम बांधले. 27 मीटर लांब, 16 मीटर रुंद मैदान. उठलेल्या गड्याने एकदा दिशा घेतली की मागे वळायचं नाही, खांब गाठावा किंवा बसलेल्याला खो द्यावा. पळणाऱ्याला मात्र दिशेचं बंधन नाही. एकटा पळणारा नऊ जणांच्या संघापुढे मिनिटं काढतो ते या सवलतीच्या जोरावर. पाठलाग करणारा कितीही वेगवान असो, पाठ फिरवलेल्या गड्यांच्या रांगेतून हुलकावणी देत साखळी खेळणाऱ्याला तो एकट्याने क्वचितच गाठतो.

2022 साली सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगने या नियमाला भगदाड पाडलं. प्रत्येक संघाला ‘वझीर’ दिला, आणि त्याला कुठल्याही दिशेला वळून पाठलाग करायची परवानगी दिली. त्यामुळे पळणाऱ्याला आता मागे कोण उठलंय हे मान वळवून बघावं लागतं, आणि तेवढ्यात एक पाऊल हुकतं.