हॉटेल : शब्द फ्रेंच, अर्थ आपला

कडोलीत किंवा निपाणीत कुणी ‘जरा हाटेलात जाऊन येतो’ म्हटलं, तर तो मुक्कामाला निघालेला नसतो. चहा-भजी खाऊन लगेच परतणार असतो. मराठीत ‘हॉटेल’ म्हणजे आधी खाण्याची जागा. रात्री राहायचं असेल तर विचारायचं ‘लॉज’. कन्नडमध्येही ‘होटेल’चा रोजचा अर्थ हाच.

शब्द कुठून आला?

लॅटिनमध्ये ‘होस्पेस’ म्हणजे पाहुणा आणि यजमानही. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये पाहुणे उतरण्याच्या जागेला ‘होस्तेल’ म्हणू लागले. पुढे त्यातला ‘स’ गळाला आणि ‘ओतेल’ उरलं. फ्रेंच लिहिताना त्यातल्या ‘ओ’वर आजही टोपी घालतात, ती या गळालेल्या ‘स’ची खूण. फ्रेंचमध्ये मोठ्या वाड्यालाही ‘ओतेल’ म्हणतात. पॅरिसच्या नगरपालिकेची इमारत ‘ओतेल द व्हील’ आहे. इंग्रजीने अठराव्या शतकात हा शब्द उतरण्याच्या जागेसाठी घेतला आणि इंग्रजीतून तो आपल्याकडे आला. हॉस्पिटल आणि हॉस्टेल ही त्याचीच भावंडं.

जवळचे शब्द

‘रेस्टॉरंट’ही फ्रेंचच. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये ताकद भरून आणणाऱ्या मांसाच्या रश्श्याला हे नाव होतं. मग तो मिळणाऱ्या जागेला पडलं. ‘कॅफे’ अरबी-तुर्कीतून फ्रेंचमध्ये गेला. मूळ अर्थ कॉफी. ‘कँटीन’ फ्रेंच ‘कांतीन’वरून, तर विद्यार्थ्यांच्या ‘मेस’चं मूळ जुन्या फ्रेंचमधल्या ‘मेस’ म्हणजे ताटात वाढलेल्या पदार्थात. खानावळ मात्र आपली. कन्नडमध्येही ती ‘खानावळी’ म्हणून नांदते. ‘उपाहारगृह’ पाटीवर दिसतं, बोलण्यात क्वचित.

पाटी आणि शब्द

कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनुसार दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड हवं. महाराष्ट्रात देवनागरी मराठी सक्तीची. सीमाभागात पाटीवरून वाद होतात, माणसं दुखावतात. पण ‘हॉटेल’ या शब्दावर दोन्हीकडे कुणाचं भांडण नाही. तो दोघांनी बाहेरून घेतला आणि दोघांनी त्याला एकच अर्थ दिला.

परदेशी गेल्यावर मात्र जपून. जेवायचं असेल तर तिथे ‘रेस्टॉरंट’ विचारावं. ‘हॉटेल’ विचारलंत तर खोलीचं भाडं सांगतील.