स्वमग्न
‘मग्न’ हे रूप संस्कृत ‘मस्ज्’ धातूचं, अर्थ बुडणं. स्वमग्न म्हणजे स्वतःत बुडालेला. ज्याला मराठीत स्वमग्नता म्हणतात, त्या ‘ऑटिझम’मध्येही ग्रीक ‘ऑटोस’, म्हणजे ‘स्वतः’च आहे. स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी तो शब्द स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात घडवला. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी तो मुलांसाठी वापरला. मला ‘स्वमग्न’ हे नाव अशा लेकरांवर अन्याय करणारं वाटतं. यवतमाळच्या बसस्थानकावर एसटीचा हॉर्न वाजताच कान गच्च झाकणारं पोरगं स्वतःत कुठे बुडालंय? त्याला बाहेरचं जग जास्तच टोचतंय. शेजारच्या रडणाऱ्या बाळाकडे ते बघत नाही, पण हातातलं बिस्किट मुकाट्यानं पुढे सरकवतं. स्वतः ऑटिस्टिक असलेले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलं, की एकमेकांना समजून घेण्याची ही अडचण दुहेरी आहे : ऑटिस्टिक माणसांचं मन ओळखण्यात आपणही तितकेच कमी पडतो.