तारापूर पुस्तकात आहे, मुरबे कुठे आहे?

आजचा भाग पुस्तकांवर आहे, पण हा बुक रिव्ह्यू नाही, आधीच सांगतो. गेल्या काही वर्षांत आपल्या देशाचं राजकारण, इतिहास आणि पर्यावरण यांवर इंग्रजीत खरंच चांगली पुस्तकं आलीत. त्यातली तीन-चार मी डहाणू लोकलमध्ये मोबाईलवर वाचून काढली. वाचताना एक प्रश्न सारखा डोक्यात होता : ज्या किनाऱ्यावर मी वाढलो, तिथे जे झालं ते यात कुठल्या पानावर आहे?

माझं गाव मुरबे. माहीत नसेल तर नकाशा सांगतो. पालघर तालुका, समोर समुद्र, खाडीपलीकडे सातपाटी. उत्तरेला किनाऱ्याने निघालात की नांदगाव, आलेवाडी, नवापूर, दांडी असं करत पुढे तारापूरचं अणुकेंद्र. आत वळलात की बोईसर आणि तारापूर एमआयडीसी. तारापूरच्याही वर, डहाणू तालुक्यात वाढवण. म्हणजे स्वतंत्र भारताने 'विकास' या शब्दाखाली जे जे करून पाहिलं, ते इथे एका बाईक राइडमध्ये बघून होतं.

सुरुवात अणुकेंद्रापासून करू. जयिता सरकार यांचं 'प्लाउशेअर्स अँड स्वोर्ड्स' हे पुस्तक २०२२ मध्ये आलं. (लेखिकेचं आडनाव सरकार आहे, पुढे ऐकताना गोंधळू नका.) बी.टेकला असताना माझ्या डोक्यात सरळ दोन कप्पे होते : वीज वेगळी, बॉम्ब वेगळा. आपल्या अणुकार्यक्रमात हे दोन्ही धागे पहिल्यापासून एकत्र विणलेले होते, हे या पुस्तकात नीट उलगडतं. आणि त्या गोष्टीत तारापूरला मोठी भूमिका आहे. १९६३ मध्ये भारत-अमेरिका करार झाला. अमेरिकेने ८ कोटी डॉलरचं स्वस्त कर्ज दिलं, जनरल इलेक्ट्रिकने दोन रिअ‍ॅक्टर दिले आणि १९६९ मध्ये देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं. वीज महाराष्ट्र आणि गुजरातला, थंड करायला पाणी समुद्राचं. मग १९७४ ला पोखरण झालं, १९७८ मध्ये अमेरिकेने अण्वस्त्रप्रसाराविरुद्ध कायदा केला आणि तारापूरच्या इंधनाचं भांडण सुरू झालं. १९८२ मध्ये फ्रान्सने इंधन द्यायचं कबूल केलं. वॉशिंग्टन, पॅरिस, दिल्ली, सगळीकडच्या फायलींत 'तारापूर' हा शब्द आहे.

पण त्या फायलींतलं तारापूर हे एका कराराचं नाव आहे. तिथे किनारा नाही, बांबूवर वाळणारे बोंबील नाहीत. पुढे तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठवली गेली, ती गोष्ट तर पार वेगळ्याच कागदांत सापडते : पुनर्वसनाच्या अर्जांत आणि कोर्टाच्या तारखांत. मी पुस्तकाला दोष देत नाहीये. शीतयुद्धावरचं पुस्तक शीतयुद्धाबद्दलच बोलणार. एम. व्ही. रामणा यांचं 'द पॉवर ऑफ प्रॉमिस' (२०१२) अणुऊर्जेच्या आश्वासनांचा हिशोब मांडतं, तेही वाचा. दोन्ही वाचून आपल्या गावाशेजारचा तो घुमट जगाच्या राजकारणात कुठे बसतो ते कळतं. उलट बाजूने, म्हणजे गावातून जगाकडे बघितलं तर काय दिसतं, ते मात्र कळत नाही.

मग मी रामचंद्र गुहांच्या 'स्पीकिंग विथ नेचर'कडे गेलो. २०२४ चं पुस्तक. 'पर्यावरण हे पोट भरलेल्यांचं फॅड' या समजाला त्यात उत्तर आहे. रवींद्रनाथ टागोर, राधाकमल मुखर्जी, कुमारप्पा, गेडीस, हॉवर्ड दांपत्य, मीराबेन, एल्विन, क. मा. मुन्शी, एम. कृष्णन असे दहा जण घेऊन गुहा दाखवतात, की आपल्याकडे हा विचार चिपकोच्या कितीतरी आधीपासून आहे. मला पुस्तक आवडलं. पण ही यादी परत वाचा. जंगल आहे, माती आहे, शेती आहे, शहर आहे. जाळं हातात घेतलेला माणूस एकही नाही. पर्यावरणाचा इतिहास आपल्याकडे झाडापासून सुरू होतो आणि बहुतेक वेळा जमिनीवरच राहतो. समुद्र नकाशावर निळा आणि रिकामा.

आता हा 'रिकामा' शब्द धरून ठेवा, कारण सगळं त्यावर आहे.

आमच्याकडे डोल लावायची समुद्रातली जी ठरलेली जागा असते तिला कव म्हणतात. कव कुणाची, कुठे, तिथे किती खोल, ओढ कशी, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. त्यावरून गावागावांत वाद झालेत, बैठका झाल्यात, समझोते झालेत. जमिनीवर याला आपण सातबारा म्हटलं असतं. समुद्राला सातबारा नाही, म्हणून बाहेरच्याला ते पाणीच दिसतं. वाढवण बंदरासाठी १,४४८ हेक्टर भराव समुद्रात होणार आहे. आकडा मंत्रिमंडळाच्या जून २०२४ च्या मंजुरीतला आहे. शेतजमीन असती तर पहिला प्रश्न 'मालक कोण?' हा आला असता. आता मुरब्यालाही बंदराचा प्रस्ताव आहे आणि किनाऱ्यावरच्या गावांचा विरोध आहे. प्रश्न पुन्हा तोच : हे पाणी रिकामं होतं का?

आणि हा शंभर टक्के इतिहासाचा प्रश्न आहे. पर्यावरण परिणाम अहवालात 'बेसलाइन' नावाचा भाग असतो, म्हणजे प्रकल्पाआधी परिस्थिती काय होती. २००६ च्या अधिसूचनेनुसार बऱ्याच प्रकल्पांना पावसाळा सोडून एका हंगामाची पाहणी पुरते. आता विचार करा. तारापूर एमआयडीसीचं सांडपाणी पाइपलाइनने नवापूरला समुद्रात जातं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशात पहिलं होतं. (या एका यादीत पहिलं येऊ नये.) अशा समुद्रात आज जाऊन कुणी एका हंगामाचे मासे मोजले, तर आकडा कमीच येणार. मग अहवालात लिहिणार, इथे मासेमारी फार नाही. आधी झालेलं नुकसान हेच पुढच्या नुकसानाचं सर्टिफिकेट!

डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये एका छोट्या लेखात नेमकं हेच मांडलं होतं. प्रत्येक पिढी आपल्या सुरुवातीच्या दिवसांत जे पाहते त्यालाच 'नॉर्मल' धरते आणि घसरण दिसेनाशी होते. आमच्या भाषेत सांगायचं तर कुणीतरी गिटची जुनी हिस्टरी उडवून शेवटची कमिट हाच मूळ कोड म्हणून दाखवतोय.

म्हणून मला शेखर पाठक यांचं पुस्तक सगळ्यात जवळचं वाटलं. चिपकोचा इतिहास त्यांनी हिंदीत लिहिला, 'हरी भरी उम्मीद'. इंग्रजी भाषांतर २०२१ मध्ये आलं. ते स्वतः पहाडातले, पायी फिरणारे. त्यामुळे दोन-तीन प्रसिद्ध चेहऱ्यांमागची गावं, बायका, पोरं, स्थानिक पत्रकं सगळी पुस्तकात येतात. आणि मराठीत म्हणाल तर याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे : वारल्यांच्या लढ्यावरचं गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो', १९७० चं. डोंगराकडच्या पालघरला पुस्तक मिळालं. किनाऱ्याला अजून नाही.

सामग्री नाही असं नाही हं. भरपूर आहे, फक्त ती पुस्तकाच्या रूपात नाही. १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून प्राधिकरण बसलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष. १९९८ मध्ये याच प्राधिकरणाने वाढवण बंदराला नकार दिला आणि २०२३ मध्ये, धर्माधिकारी गेल्यानंतर चार वर्षांनी, त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचले तर २५ वर्षांत देश कसा बदलला त्याचं अख्खं प्रकरण तयार होतं. तारापूरच्या प्रदूषणावर मांगेला समाजाची परिषद हरित लवादात गेली आणि २०२२ मध्ये लवादाने सुमारे १६० कोटींची भरपाई ठरवली. मासेमारांनी स्वतः गोळा केलेला पुरावा त्या कागदांत आहे. माझ्या मते हा पर्यावरणाचा इतिहासच आहे, फक्त लेखकाच्या जागी 'अर्जदार' लिहिलंय.

आणि याहून खालचा थर घराघरात आहे. आमच्या शेजारच्या काकांकडे वह्या आहेत : कुठल्या दिवशी कुठल्या कवीवर काय लागलं, पापलेट किती, डिझेल किती. मासेमार सहकारी संस्थांकडे वजनाच्या नोंदी असतात. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला, तेव्हा सगळ्यांनी फोटो टाकले. तो मासा इथे किती होता आणि किती उरला, हे त्या वह्या सांगू शकतात. पण खारी हवा आणि वाळवी, दोघीही सुट्टी घेत नाहीत.

काकांना विचारलं, स्कॅन करू का? ते म्हणाले, "कर, पण कुठे किती लागायचं ते सगळ्यांना दाखवू नको." बरोबर आहे त्यांचं. कव म्हणजे धंद्याचं गुपित. त्यामुळे जागांची नावं झाकून फक्त साल, महिना, मासा आणि वजन असा तक्ता करतोय. पहिली वही अर्धी झालीये. हस्ताक्षर भयंकर आहे आणि अर्ध्या माशांची नावं मांगेली बोलीत आहेत, ती आईला विचारून भरतोय.

केळवे, सातपाटी, दांडी, डहाणू, कुठूनही ऐकत असाल आणि घरात अशी वही असेल, तर आधी मोबाईलवर पानांचे फोटो काढून ठेवा. मला पाठवायची गरज नाही. पुढच्या भागात १९९८ आणि २०२३ चे ते दोन निकाल समोरासमोर ठेवून वाचू. जमलं तर त्याआधी पाठकांचं पुस्तक चाळा.