एक कॅसेट म्हणजे किती नोंदी?

नामांतराच्या काळातल्या कॅसेटी आमच्या शहरात अजून कितीतरी घरांत सापडतात. शहर तेव्हा औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ ला केला, त्यापाठोपाठ मराठवाड्यात दलित वस्त्या जळल्या, आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. या साडेपंधरा वर्षांतली भाषणं, शाहिरी, लोकांनी सांगितलेल्या हकीकती काही मित्रांनी जमवल्यात. थोड्या व्हिडिओ टेपही आहेत. आता हे सगळं संगणकावर नीट लावायचंय, तर त्यासाठी कोणती कन्टेन्ट मॅनेजमेंट सिस्टिम घ्यावी, असा प्रश्न माझ्याकडे आला. सरकारी मराठीत तिला आशय व्यवस्थापन प्रणाली म्हणतात. आपण नुसतं प्रणाली म्हणूया.

अशा प्रश्नाला लोकांना एका शब्दाचं उत्तर हवं असतं. ड्रुपल की डीस्पेस, बस्स. पण आधी कॅसेट ऐका की राव! नव्वद मिनिटांची एक कॅसेट घ्या. पहिल्या बाजूला सभेतलं भाषण, ते मध्येच तुटतं आणि शाहीर सुरू होतो. उलट्या बाजूला एक बाई घर कसं जळालं ते सांगतेय, आणि शेवटी कुणीतरी त्यावरच सिनेमाची गाणी भरलीत. आता ही नोंद एक, की चार? सगळी गोम इथे आहे. प्रत्येक प्रणालीने 'एक वस्तू' म्हणजे काय हे आपल्या आधीच ठरवून ठेवलेलं असतं, आणि आपण प्रणाली निवडतो तेव्हा नकळत तो निर्णयही पत्करतो.

मराठीत हा प्रश्न फार पूर्वी आणि फार मोठ्या प्रमाणावर कुणाला पडला असेल, तर जात्यावरच्या ओव्या गोळा करणाऱ्यांना. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह हजाराहून जास्त गावांतून लाखावर ओव्या जमवल्या. १९९५ च्या अखेरीस बर्नार्ड बेल हे फ्रेंच संगीत-अभ्यासक त्यांना येऊन मिळाले. ते संगणकाचेही जाणकार. त्यांनी ध्वनिमुद्रणं केली आणि शब्द व आवाज यांची सांगड घालणारी माहितीसाठ्याची रचना केली. मुद्रण शंभर-सव्वाशे तासांचं, म्हणजे लाखभर ओव्यांपैकी थोड्यांचाच आवाज आपल्याकडे आहे.

मला त्यांचं जे मोठं वाटतं ते हे, की त्यांनी टेपेला एकक मानलं नाही. एकक ओवी. प्रत्येक ओवीला तिचा क्रमांक, विषयाच्या वर्गवारीतली जागा, आणि सोबत गाणारणीचं नाव आणि गाव. पॉइतवाँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. संग्रह पुण्याहून गुडगावच्या संगीत-संशोधन संग्रहालयात, तिथून फ्रान्समध्ये, आणि २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर असा फिरला. वाटेत यंत्रं बदलली, प्रणाल्या बदलल्या. पण नाव आणि गाव प्रत्येक ओवीला चिकटलेलं होतं, म्हणून पारीची माणसं वीसेक वर्षांनी पुन्हा त्या गावांत जाऊ शकली. आपल्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावचं भीमनगर त्यातलंच. बाबासाहेबांवरच्या ओव्या तिथे १९९६ मध्ये मुद्रित झाल्या होत्या.

आता हीच ओवी डीस्पेसमध्ये घालून बघा. एमआयटी आणि एचपी यांनी २००२ मध्ये आणलेली ही प्रणाली आपल्या विद्यापीठांना परिचयाची आहे, 'शोधगंगा' तिच्यावरच चालते. प्रबंधासाठी उत्तम. तिथे नोंदीची चौकट असते डब्लिन कोअरची. हे डब्लिन आयर्लंडचं नव्हे बरं का, अमेरिकेत ओहायोमध्ये आहे, १९९५ च्या तिथल्या बैठकीतून या पंधरा रकान्यांच्या यादीची सुरुवात झाली. त्यातला एक रकाना 'निर्माता'. ओवीचा निर्माता कोण? गाणारीण? तिची आई? रकाना रिकामा ठेवला तर बाई नोंदीतून गायब, आणि भरला तर ती म्हणेल, माझी कुठली, आजीची हाय. ओमेकाही साधारण याच वाटेने जातं, फक्त दिसायला जास्त देखणं.

व्हिडिओच्या बाबतीत मुंबईत वेगळा विचार झाला. २००८ मध्ये सुरू झालेल्या पॅड.मा या संग्रहाने तयार चित्रपटांपेक्षा कच्चं चित्रण महत्त्वाचं मानलं, आणि नोंद लावली ती वेळेला. अमुक मिनिटाला काय बोललं गेलं, त्यावर कुणाचं काय भाष्य. शब्द शोधला की थेट त्या क्षणापाशी पोचता येतं. त्यांची पॅन.डो/रा ही प्रणाली मुक्त आहे, कुणालाही घेता येते. आमच्या तुटक्या कॅसेटींना मला हीच जवळची वाटते. ती चालवायला मात्र सर्व्हर सांभाळणारा माणूस लागतो, आणि आमच्याकडे तो रविवारीच मोकळा असतो.

असो. पण खरी अडचण त्या उलट्या बाजूच्या बाईची आहे. तिने माणसांची नावं घेतलीत. त्यांची मुलं-नातवंडं कदाचित त्याच गावात असतील, तिचीही. कॅसेटवर बोलताना तिच्यासमोर चार माणसं होती, सगळं जग नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू लोकांसाठी मुकुर्तू नावाची प्रणाली बनली, तिथे कुणी काय बघायचं ते त्या समाजाने ठरवायचं असतं. ड्रुपलवर बांधलेली आहे, म्हणजे इथेही लावता येईल. पण इथला 'समाज' कोण, ठरवणार कोण, हे काही ती सांगणार नाही.

तूर्त मी मित्रांना प्रणालीचं नाव दिलेलं नाही. साधी तक्ता-फाईल दिलीय, युनिकोडमध्ये, म्हणजे पुढे कुठेही नेता येईल. जुन्या फॉन्टात टंकलेल्या मजकुराचं काय होतं ते आपण सगळ्यांनीच पाहिलंय. रकाने असे: कॅसेट, बाजू, सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, कोण बोलतंय, गाव, कुणी मुद्रित केलं, ऐकवायला हरकत आहे का आणि ते कुणाला विचारलं. पहिल्या दहा कॅसेटी भरून झाल्यात. शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा आहे, त्यासाठी आता गावोगाव जावं लागेल.