तळटीप : दौलताबाद आणि न झालेले सार्वमत

‘सार्वमत’ म्हणजे एखाद्या प्रश्नावर प्रतिनिधींमार्फत नव्हे, तर मतदारांनी थेट दिलेला कौल. दौलताबाद ज्या हैदराबाद संस्थानात मोडत होते तेथे भारतातील विलीनीकरणावर असा कौल कधीच घेतला गेला नाही, हे ध्यानात ठेवावे. भारताशी झालेल्या २९ नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ करारानंतर, म्हणजे पूर्वीचे व्यवहार वर्षभर तसेच चालू ठेवण्याच्या कबुलीनंतर, जून १९४८ च्या वाटाघाटींत सार्वमताचे कलम मसुद्यात आले, पण संस्थानाचा शासक असलेल्या निजामाने तो मसुदा स्वीकारला नाही. आणि त्याच दरबाराने ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे दाद मागितली, ही विसंगती नजरेआड करण्याजोगी नाही. परिषदेने १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये हा विषय ८ विरुद्ध शून्य मतांनी, ३ सदस्य तटस्थ असताना, कार्यक्रमपत्रिकेवर घेतला. तोवर भारताच्या लष्करी कारवाईचा चौथा दिवस उजाडला होता, दुसऱ्याच दिवशी संस्थान शरण आले आणि २२ सप्टेंबरला निजामाने तक्रार मागे घेतल्याचे कळवले. लोकमताचा अदमास स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसच्या विलीनीकरणासाठीच्या सत्याग्रहावरून बांधता येतो, मात्र तुरुंगात गेलेल्यांची संख्या ही मतमोजणी नव्हे. दौलताबादच्या किल्ल्यातील जुन्या मशिदीत विलीनीकरणाच्या सुमारास बसवलेली भारतमातेची मूर्तीही त्या काळच्या एका भावनेची साक्ष देते, सर्वांच्या कौलाची नव्हे. दुसऱ्या एका संस्थानात, जुनागढात, विलीनीकरणावर २० फेब्रुवारी १९४८ रोजी मतदान झाले, पण ते संस्थान भारताच्या ताब्यात आल्यानंतर. हैदराबादच्या सर्व प्रौढांना मताधिकार मिळाला तो पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, आणि तेव्हा विलीनीकरण हा मतदानाचा विषय उरलेला नव्हता.